मेंढी घेऊन गेलेल्या मुलीची बाजू : ड्रॅगनवंश शोधणाऱ्या वाचकांना खुले पत्र

वेस्टेरॉसच्या वंशावळी मांडणाऱ्या सर्व वाचकमित्रांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली, ती पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला एक तक्ता घेऊनच. चार ड्रॉइंग पेपर एकमेकांना चिकटवून केलेला तो तक्ता तिने बाहेरच्या खोलीत, कपाटाशेजारच्या भिंतीवर लावला. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेत, वेस्टेरॉस या कल्पित देशावर ड्रॅगनच्या बळावर राज्य केलेल्या, रुपेरी केसांच्या टार्गेरियन घराण्याची ती वंशावळ होती. काळ्या शाईच्या रेघा पुस्तकांत उघड सांगितलेल्या नात्यांच्या होत्या आणि लाल स्केचपेनच्या तुटक रेघा ‘अजून सिद्ध व्हायच्या’ नात्यांच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सहज मोजल्या, तर लाल रेघा काळ्यांच्या बरोबरीला येत चालल्या होत्या. एक लाल रेघ वेड्या राजा एरिसपासून टिरियन लॅनिस्टरपर्यंत गेली होती, आणि एक प्रिन्स डेमनपासून निघून कोपऱ्यातल्या एका चिठ्ठीपर्यंत. त्या चिठ्ठीवर नाव होते नेटल्स.

या लाल रेघा तिच्या एकटीच्या नाहीत. तुम्ही सर्वांनी मिळून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्या ओढल्या आहेत, म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. आनुवंशिकतेचा धडा दहावीच्या मुलांना इतक्या वेळा शिकवला आहे की, कोणाच्या केसांवरून कोणाचा बाप ओळखण्याचा मोह किती गोड असतो आणि त्यात पाय कुठे घसरतो, हे दोन्ही मला ठाऊक आहे. माझे म्हणणे असे की या कथेत ‘ड्रॅगनचे रक्त’ ही शरीरात सापडणारी वस्तू कमी आणि दरबारात केलेला दावा अधिक आहे. आणि दावा म्हटला की तो कोणी केला, कोणापुढे केला आणि त्यातून त्याच्या पदरात काय पडले, हे विचारल्याशिवाय त्यावरून रेघ ओढता येत नाही.

हा नाद मार्टिन यांनीच लावला, हे आधी मान्य करतो. १९९६ साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत राजा रॉबर्ट बॅराथियनचा मंत्री एडार्ड स्टार्क एका जाडजूड, कंटाळवाण्या वंशावळीच्या ग्रंथात डोके घालून बसतो. बॅराथियन आणि लॅनिस्टर घराण्यांत पूर्वी जेव्हा सोयरीक झाली तेव्हा मुले काळ्या केसांचीच निपजली, ही नोंद त्याला तिथे सापडते. रॉबर्ट आणि त्याची लॅनिस्टर राणी सर्सी यांची तिन्ही मुले मात्र सोनेरी केसांची. एवढ्यावरून तो ओळखतो की ही मुले राजाची नव्हेत, आणि ओळखल्याची किंमत स्वतःची मान देऊन चुकवतो. त्याच पद्धतीने वाचकांनी एडार्डचा अनौरस मुलगा समजला जाणारा जॉन स्नो हा खरे तर वेड्या राजाचा मुलगा रेगार टार्गेरियन आणि एडार्डची बहीण लियाना स्टार्क यांचा मुलगा असावा, हा तर्क पहिली कादंबरी आल्यावर लवकरच बांधला. दूरचित्रवाणी मालिकेसाठी हक्क मागायला आलेल्या निर्मात्यांना मार्टिन यांनी जॉनची आई कोण, असे विचारले होते, ही हकीकत तुम्हा सर्वांना पाठ आहे. २०१६ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात तो तर्क खरा निघाला, आणि तेव्हापासून आपला आत्मविश्वास जरा जास्तच वाढला आहे. एक कुलूप एका किल्लीने उघडले म्हणून गावातली सगळी कुलपे त्याच किल्लीने उघडायला आपण निघालो आहोत.

एडार्डचा पुरावा तरी किती पक्का होता, ते एकदा पाहू. रॉबर्टची आजी टार्गेरियन राजकन्या होती, राजा पाचव्या एगॉनची मुलगी. तिच्याकडून फिक्या केसांचे एक जनुक रॉबर्टच्या वडिलांत आले आणि बाकी सर्व बाजूंनी काळेच आले, असे धरू. मग ते फिके जनुक रॉबर्टमध्ये उतरले असण्याची शक्यता निम्मी. उतरले असल्यास सर्सीसारख्या सोनेरी केसांच्या बायकोपासून होणारे प्रत्येक मूल सोनेरी निघण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे तिन्ही मुले रॉबर्टचीच असूनही सोनेरी निघण्याची शक्यता सोळात एक उरते. रॉबर्टच्या अनौरस मुलांची काळी डोकी मोजली की ती आणखी घटते, हे खरे. आणि खऱ्या माणसाच्या केसांचा रंग एका जनुकावर ठरत नाही, हेही मी मुलांना दरवर्षी सांगत आलो. तरी सोळात एक म्हणजे कोणाला राज्यावरून उतरवण्याइतका पुरावा नव्हे. एडार्डचा संशय खरा ठरतो तो देवराईत सर्सी स्वतःच्या तोंडाने कबूल करते तेव्हा. केसांनी त्याला दारापर्यंत आणले. दार आतून उघडले.

उलट बाजूचे उदाहरण त्याच घराण्यात आहे. मेलीस या ड्रॅगनवर बसणाऱ्या राजकन्या रेनिसचे केस, पुस्तकात, तिच्या बॅराथियन आईसारखे काळे आहेत. बेलर ब्रेकस्पिअर हा सिंहासनाचा वारस डॉर्न या दक्षिणेकडच्या प्रांतातून आलेल्या आईवर गेलेला, काळसर केसांचा. या दोघांना कोणी टार्गेरियन नाही म्हटले नाही, कारण त्यांचा दावा मान्य करण्यात सर्वांचा फायदा होता. म्हणजे जे रुपेरी केस तुम्ही लाल रेघ ओढताना पहिला पुरावा म्हणून मांडता, त्यांची गरज घराण्याला स्वतःला कधी भासलीच नाही.

आता ज्या प्रकरणावर मला सविस्तर बोलायचे आहे, ते ‘फायर अँड ब्लड’ या २०१८ च्या पुस्तकातले. राजा पहिला जेहेरीस याने सख्ख्या बहिणीशी, ॲलिसॅनशी लग्न केले. भावाबहिणीचा विवाह हे सप्तदेवांच्या धर्मात महापाप. याच कारणावरून त्याच्या आधीच्या पिढीत धर्मपीठाने बंड पुकारले होते आणि राज्य रक्ताने न्हाले होते. जेहेरीस शहाणा होता. त्याने तलवार न काढता एक सिद्धान्त काढला. टार्गेरियन हे इतर माणसांसारखे नाहीत, त्यांचे मूळ व्हॅलिरिया या लयाला गेलेल्या प्राचीन साम्राज्यात आहे, तिथले कायदे वेगळे, त्यांची शरीरेही वेगळी, ते ड्रॅगनवर बसतात यावरूनच ते दिसते, म्हणून इतरांना लागू असलेला नियम त्यांना लागू नाही, असा तो सिद्धान्त. तो गावोगाव पटवून देण्यासाठी सात प्रचारक निवडले गेले आणि ते राज्यभर फिरले. म्हणजे ‘यांचे रक्तच निराळे’ हे वाक्य त्या जगात सरकारी धोरण म्हणून जन्माला आले, त्याला प्रचारक नेमले गेले, आणि त्याचा तात्काळ उपयोग एका लग्नाला मान्यता मिळवण्यासाठी झाला. मित्रहो, आपण आज ज्या तक्त्यांवर रात्री जागवतो, त्यांचे पहिले काम त्या सात जणांनी केले आहे. फरक एवढाच की आपल्याला कोणी प्रवासखर्च देत नाही.

आणि मार्टिन यांनी त्या सिद्धान्ताचे पुढे काय केले, ते पाहा. टार्गेरियनांना सामान्य माणसांचे रोग होत नाहीत, ही त्याच समजुतीची एक फांदी होती. मग एका कडक हिवाळ्यात हुडहुडीची साथ आली, आणि जेहेरीस व ॲलिसॅन यांची सहा वर्षांची मुलगी, तिचेही नाव मुख्य कथेतल्या वेड्या राजाच्या मुलीसारखे डेनेरिसच, थंडीने कुडकुडत अवघ्या दीडेक दिवसात गेली. हे वाचताना मला नेहमी वाटते की लेखकाने वादाचा निकाल एका लहानशा अंथरुणावर लावून टाकला आहे. पण आपल्या चर्चांत या मुलीचा उल्लेख क्वचितच येतो, कारण तिच्यापासून कुठलीही लाल रेघ निघत नाही.

तुम्ही म्हणाल, रोगाचे सोडा, ड्रॅगनचे काय? ड्रॅगन तर रक्त ओळखतो. मग आपण ड्रॅगनलाच साक्षीला बोलावू. टार्गेरियनांच्या आपसातल्या यादवीत राणी रेनिराच्या पक्षाकडे ड्रॅगन होते, पण स्वार कमी होते. तिचा मुलगा जेकेरीस याने ड्रॅगनस्टोन बेटावर जाहीर केले की जो कोणी ड्रॅगन काबूत आणील त्याला जमीन, पैसा आणि मानमरातब मिळेल. राजघराण्यातल्या पुरुषांनी बेटावर पिढ्यान्पिढ्या पेरून ठेवलेल्या अनौरस संततीला तिथे ड्रॅगनबीज म्हणत. त्यांच्यातले आणि बाहेरचेही अनेक जण नशीब अजमावायला पुढे आले. पुष्कळ मेले. त्यांत एक होता सिल्व्हर डेनिस. नावाप्रमाणे केस रुपेरी, डोळे जांभळे, आणि क्रूर राजा मेगॉरच्या अनौरस मुलाचा आपण वंशज, हा त्याचा दावा त्याच्या रूपावरूनच लोकांना पटत असे. शीपस्टीलर नावाच्या रानटी, चिखलाच्या रंगाच्या ड्रॅगनने त्याचा हात उपटून काढला. मुले त्याची जखम बांधायला धावली, तोवर कॅनिबल नावाचा दुसरा ड्रॅगन उतरला आणि बापासह मुलांना खाऊन गेला.

त्याच शीपस्टीलरवर पुढे जी बसली ती नेटल्स. सावळी, काळ्या केसांची, तपकिरी डोळ्यांची, हडकुळी, शिवराळ, बाप कोण ते कोणालाच ठाऊक नाही अशी सोळा-सतरा वर्षांची पोर. तिने केले काय? रोज सकाळी एक ताजी मारलेली मेंढी घेऊन ती त्याच्याकडे जायची. त्याने खावे, तिने लांब थांबावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेंढी. असे करत करत तो तिला सवकला, तिच्या येण्याची वाट पाहू लागला, आणि एके दिवशी तिने त्याच्या पाठीवर पाय टाकला.

माझ्या आजोळी एक गाय होती, ती माझ्या मामीखेरीज कोणालाही पान्हा सोडत नसे. मामी माहेरी गेली की घरात चहा काळा व्हायचा. मामीचे आणि त्या गाईचे कुठले नाते होते, असे आम्हा पोरांपैकी कोणी विचारले नाही. मामी पहाटे उठून तिला सरकी-पेंड घालते, तिच्या गळ्याखालची पोळी खाजवते, हे आम्ही रोज पाहत होतो. गुरे राखणाऱ्या कोणत्याही माणसाला नेटल्सची गोष्ट वाचून आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य वाटते ते तक्ते करणाऱ्यांना, आणि मग ते नेटल्सला बाप शोधायला निघतात. राणी रेनिराचा नवरा प्रिन्स डेमन याने तिच्यावर जीव लावला, म्हणजे ती त्याची मुलगीच असणार, ही त्यातूनच निघालेली लाल रेघ. यात ज्या एका साक्षीची आपण हेळसांड करतो ती खुद्द राणी रेनिराची. संतापाच्या भरात ती म्हणते की या पोरीत ड्रॅगनच्या रक्ताचा थेंबही नाही, ते नुसते पाहूनच कळते, आणि ड्रॅगन तिने चेटकाने बांधला आहे. राणी त्या वेळी मत्सराने पेटलेली होती, म्हणून तिची साक्षही तावून सुलाखूनच घ्यायला हवी, हे खरे. पण तिच्या बोलण्यातला पेच पाहा. पोरगी ड्रॅगनवर बसते हे नाकारता येत नाही, रक्ताचा सिद्धान्त सोडता येत नाही, मग उरते काय? चेटूक. मेंढीचे नाव राणी घेत नाही, आणि आपणही घेत नाही.

हेच दुसऱ्या टोकाने २०११ च्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये येते. डॉर्नचा राजपुत्र क्वेंटिन मार्टेल याच्या अंगात टार्गेरियन रक्त आहे, आणि ते नुसत्या वदंतेतले नाही. एक टार्गेरियन राजकन्या त्याच्या घराण्यात रीतसर नांदायला आली होती. त्या आधारावर तो मीरीन शहरात डेनेरिसचे ड्रॅगन कोंडलेल्या तळघरात उतरतो, हातात चाबूक घेऊन पांढऱ्या व्हिसेरियनसमोर उभा राहतो, आणि मागून आलेला हिरवा रेगल त्याला पेटवून देतो. त्याला मरायला तीन दिवस लागले. काळ्या शाईची, सर्वांना मान्य असलेली रेघ त्याच्याकडे होती, मेंढी नव्हती.

रक्ताचा काहीच संबंध नाही, असे टोक मी गाठत नाही. ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ या २०१४ च्या ग्रंथात तिथले पंडित म्हणतात की व्हॅलिरियनांचे रूप हे जनावरांच्या निवडक पैदाशीसारख्या, वेगळ्या पडलेल्या समाजांत दिसणाऱ्या फरकांतून आले असावे, आणि लगेच कबूल करतात की ड्रॅगनशी त्यांची जी जवळीक होती तिचा उलगडा यातून होत नाही. एवढे मोकळेपण मला पुरे आहे. माझी हरकत तपासायला निवडलेल्या नमुन्याला आहे. ज्या घरात पाळण्यातल्या बाळाशेजारी ड्रॅगनचे अंडे ठेवण्याची रीत पडली, ज्या घराने अंडी आणि ड्रॅगन बाहेरच्या कोणाच्या हाती जाऊ नयेत म्हणून जिवाचे रान केले, त्याच घरातून शंभर स्वार निघाले, तर त्यावरून रक्ताचा गुण सिद्ध होत नाही. बाहेरच्या शंभर जणांना शंभर सकाळी मेंढी देऊन पाहिले असते, तर काही बोलता आले असते. तो प्रयोग त्या जगात एकदाच झाला, अपघाताने, आणि त्याचा निकाल नेटल्स आहे.

अर्धे मानव, अर्धे ड्रॅगन अशा जन्मांचा पुरावा तुम्ही पुढे करता, त्याकडे वळतो. डेनेरिसचे मृत बाळ खवल्यांचे, शेपटीचा खुंट आणि वटवाघळासारखे चामड्याचे पंख असलेले होते, असे पुस्तकात आहे. पण ते पाहिले कोणी? डेनेरिस शुद्धीवर नव्हती. वर्णन करते ती मिरी माझ डूर, जिचे देऊळ आणि माणसे डेनेरिसच्या नवऱ्याच्या सैन्याने उद्ध्वस्त केली होती आणि जिला ते वर्णन डेनेरिसच्या काळजात रुतवायचेच होते. रेनिराच्या मृत मुलीला छातीत हृदयाच्या जागी भोक आणि खवल्यांची आखूड शेपटी होती. याचा साक्षीदार कोण, तर मशरूम, दरबारातला विदूषक, ज्याच्या प्रत्येक हकिकतीला तिखटमीठ लागलेले असते, आणि स्वतः ग्रंथकर्ताच ‘मशरूम असे सांगतो’ म्हणून हात झटकतो. मेगॉरच्या राण्यांच्या पोटी विद्रूप मुले आली, तर त्याच्याच एका राणीने, टायनाने, आपण त्या गर्भांवर विषप्रयोग केल्याची कबुली दिली; अर्थात चौकशीत दिलेल्या कबुलीची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको. या सर्व जन्मांत काहीतरी खरे असेलही. जेहेरीसचा मंत्री झालेला सेप्टन, म्हणजे धर्मगुरू, बार्थ याने लिहून ठेवलेली शंका, की व्हॅलिरियाच्या रक्तमांत्रिकांनी वायव्हर्न या प्राण्यापासून ड्रॅगन घडवले, ती मला स्वतःला फार आवडते, कारण बार्थ मंत्री असूनही राजघराण्याला गैरसोयीचे ठरेल असे लिहितो आणि पुढे एक धर्मवेडा टार्गेरियन राजा त्याचे ग्रंथ नष्ट करायला लावतो. ज्याचे लिखाण जाळावेसे वाटले त्याचे म्हणणे मी आधी ऐकतो.

आगीबद्दल थोडक्यात. टार्गेरियनांना आग बाधत नाही, हा समज मालिकेने पसरवला; डेनेरिस चितेतून जिवंत आली तो एकदाच घडलेला चमत्कार होता, असे मार्टिन यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. एरिऑन ब्राइटफ्लेम हा टार्गेरियन राजपुत्र आपण ड्रॅगन होऊ या समजुतीने ज्वालाद्रव प्यायला आणि मेला. समरहॉलला ड्रॅगनची अंडी उबवण्याच्या नादात पाचवा एगॉन स्वतःच्या वाड्यासह जळाला. रक्ताच्या थिअरीवर सगळ्यात गाढ विश्वास टार्गेरियनांचाच होता, आणि तिने सगळ्यात जास्त मारले तेही त्यांनाच.

टिरियनची रेघ पाहून मात्र मला खरोखर वाईट वाटते. पुरावे मला माहीत आहेत. वेड्या राजाची टिरियनच्या आईवर, जोआनावर, नजर होती, तिच्या लग्नाच्या रात्री त्याने मर्यादा सोडली, टिरियनचे केस इतके फिके की पांढरेच वाटावेत, डोळे दोन रंगांचे, लहानपणी त्याला ड्रॅगनची स्वप्ने पडत, आणि मरताना त्याचा बाप टायविन म्हणतो की तू माझा मुलगा नव्हेस. पण हे शेवटचे वाक्य एखाद्या बापाने तोडून टाकण्यासाठी उच्चारलेले असू शकते, एवढे आपल्याला सुचू नये? चौथ्या कादंबरीत आत्या जेना टिरियनच्या भावाला, जेमीला, सांगते की टायविनचा खरा मुलगा तू नव्हेस, टिरियन आहे. हेच ती एकदा टायविनला म्हणाली, तर त्याने अर्धे वर्ष तिच्याशी अबोला धरला. ज्या ठेंगू पोराचा त्याने आयुष्यभर तिरस्कार केला, तोच बुद्धीने, कावेबाजपणाने आणि कठोरपणाने त्याची प्रतिकृती निघावा, आणि त्याच्याच हातून त्याचा अंत व्हावा, यात जी शोकान्तिका आहे ती तुमच्या लाल रेघेने पुसली जाते. टिरियन एरिसचा निघाला तर टायविनचा तिरस्कार बरोबर ठरतो, आणि पितृहत्याही पितृहत्या राहत नाही. ‘ड्रॅगनला तीन डोकी आहेत’ या भाकितासारख्या वाक्यातले तिसरे डोके भरण्यासाठी एवढी मोठी किंमत मोजायची गरज नाही. तिसरा टार्गेरियन असलाच पाहिजे असे नाही, हे मार्टिन यांनीच सांगून ठेवले आहे.

एका थिअरीला मात्र मी मनापासून दाद देतो, कारण ती दाव्यापासून सुरू होते. पाचव्या कादंबरीत निळे केस रंगवलेला एक तरुण पुढे येतो आणि तो रेगारचा बालपणीच मारला गेलेला मुलगा एगॉन आहे, असे सांगितले जाते. तुमच्यापैकी अनेकांना तो टार्गेरियनांच्या अनौरस शाखेचा, ब्लॅकफायर घराण्याचा वाटतो. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया ज्यांना ठाऊक आहे, कोकणातले किल्ले त्याला कसे मिळत गेले आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट कसा झाला हे ज्यांनी शाळेत ऐकले आहे, त्या मराठी वाचकाला या प्रकरणात सर्वांत आधी एक प्रश्न सुचतो : हा तोतया उभा कोणी केला आणि त्यात कोणाचे हित आहे? टार्गेरियनांचे निशाण लाल ड्रॅगन, ब्लॅकफायरांचे काळा; आणि या तरुणाचा पाठीराखा इलिरिओ म्हणतो की काळा असो वा लाल, ड्रॅगन तो ड्रॅगन. चौथ्या कादंबरीत एका खानावळीची पाटी येते. लोखंडाचा काळा ड्रॅगन, राजनिष्ठ सरदाराने तोडून नदीत फेकलेला, आणि कितीतरी वर्षांनी त्याचे एक डोके दूर किनाऱ्याला लागले तेव्हा ते गंजून लाल झालेले. यात रक्ताची तपासणी कुठेच नाही. गंज आहे, पाणी आहे, आणि रंग बदलायला लागलेला काळ आहे. या घराण्याच्या बंडाचे मूळही अशाच कुजबुजीत होते : राजा दुसरा डेरॉन हा आपल्या बापाचा नसून चुलत्याचा, अशी वदंता उठली, ती ज्यांच्या सोयीची होती त्यांनी उचलली, आणि तिच्यापायी रेडग्रासच्या माळावर हजारो माणसे पडली. त्यांचीही ती फॅन थिअरीच होती.

मालिकेने शेवटी जॉनच्या रक्ताचे काय केले, हे २०१९ मध्ये आपण सर्वांनी पाहिले. ज्या गुपितासाठी वीस वर्षे तर्क लढवले, त्याने जॉन आणि डेनेरिस यांच्यात भिंत घातली, जॉनला पुन्हा उत्तरेला धाडले, आणि राज्य एडार्डच्या मुलाला, ब्रॅनला, गेले. लेखनाला नावे ठेवायला माझीही ना नाही; पण त्या एका बाबतीत पटकथाकार तुमच्या-माझ्यापेक्षा मूळ कथेच्या जवळ होते, असे मी धाडस करून म्हणतो. टार्गेरियनांच्या त्या यादवीवरच्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेच्या २०२४ मधल्या दुसऱ्या पर्वात मात्र नेटल्स नाही, व्हेल नावाच्या प्रांतातल्या डोंगरात रानटी ड्रॅगनच्या मागे लागलेली दिसते ती प्रिन्स डेमनची मुलगी रेना. पडद्यावर पात्रे कमी करावी लागतात, हे समजते. तरी तिच्या जागी घराण्यातलीच मुलगी यावी, हे तुमच्या लाल रेघेनेच लिहिल्यासारखे झाले.

माझी विनंती मोजकी आहे. नवी रेघ ओढताना तिच्या शेजारी, पेन्सिलीने का होईना, साक्षीदाराचे नाव लिहा, आणि त्याला त्यातून काय मिळाले तेही. सहाव्या कादंबरीची वाट आपण २०११ पासून पाहतो आहोत, तेव्हा वेळ भरपूर आहे.

भाचीशी हा सगळा वाद चार दिवस चालला. “मामा, तू सगळ्यांना सामान्य करून टाकतोस,” हे तिचे शेवटचे म्हणणे होते, आणि टिरियनची रेघ तिने पुसली नाही. पण निघायच्या सकाळी ती तक्ता उतरवत असताना मी पाहिले की डेमनपासून निघालेल्या रेघेवर पांढरी शाई फिरली होती. नेटल्सची चिठ्ठी आता तक्त्यावर बसेना, तेव्हा तिने ती कपाटाच्या दारावर चिकटवली आणि तिच्याखाली घाईघाईत एक मेंढी काढली. तक्ता तिच्याबरोबर गेला. चिठ्ठी अजून दारावर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक